विश्लेषण : राष्ट्राध्यक्षांच्या पोटात नेमके काय चालले होते? आयझेनहॉवर, क्रोन्स आजार आणि आतडे बरे झाल्याची कसोटी

मे १९५६. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात झाली. हृदयविकाराच्या झटक्याला आठ महिने होत आले होते, त्यामुळे साऱ्यांचे लक्ष छातीकडे होते. मात्र बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये एक वेगळीच गोष्ट दिसली. लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे ते मोठ्या आतड्याला मिळते तिथला तुकडा, आक्रसून बारीक झाला होता. रुग्ण मात्र कामावर होता, जेवत होता. तातडीने काही करावे अशी लक्षणे नव्हती. चार आठवड्यांनी, ८ जूनच्या पहाटे, त्याच तुकड्याने त्यांना आडवे केले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे पोट उघडावे लागले.

क्रोन्स आजाराच्या प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरला आजही भेडसावणारा प्रश्न या चार आठवड्यांत दडला आहे. रुग्णाला बरे वाटते आहे, म्हणजे आतडे बरे आहे का? आयझेनहॉवर यांच्या आयुष्यात याचे उत्तर एकदा नव्हे, तीनदा चुकीचे ठरले.

आजाराला नावच नव्हते तेव्हा...

आयझेनहॉवर यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० चा, टेक्सासमधील डेनिसनचा. वाढले ते कॅन्सस राज्यातील ॲबिलीन या लहानशा गावात, बेताच्या परिस्थितीत. सात भावांतले ते तिसरे. १९११ मध्ये ते वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत दाखल झाले. तिथे फुटबॉल खेळताना गुडघा कायमचा दुखावला. १९१५ मध्ये ते अधिकारी होऊन बाहेर पडले, पुढच्या वर्षी मेमी डाऊड यांच्याशी लग्न झाले. १९२१ च्या जानेवारीत त्यांचा तीन वर्षांचा पहिला मुलगा स्कार्लेट फिव्हरने गेला. हे दुःख त्यांनी आयुष्यभर मनात जपले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पोटाचे दुखणे साधारण याच दशकातले. अधूनमधून कळा यायच्या, पोट फुगायचे आणि काही दिवसांत सारे निवळायचे. १९२३ मध्ये त्यांचे अपेंडिक्स काढण्यात आले. उजव्या बाजूला खालच्या पोटात दुखले की अपेंडिक्सवर बोट ठेवायचे, हा तेव्हाचा सरळ हिशेब होता. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि अपेंडिक्स अगदी शेजारी असतात, त्यामुळे ही गल्लत आजही होते. अपेंडिक्स गेले, कळा मात्र राहिल्या. १९५६ नंतर मागे वळून पाहताना डॉक्टरांनी या जुन्या दुखण्यांचा धागा क्रोन्सशी जोडला. पण १९२३ मध्ये कोणत्याही डॉक्टरला हे निदान करता आले नसते, कारण या आजाराला स्वतंत्र ओळखच नव्हती. ग्लासगोचे शल्यचिकित्सक केनेडी डॅलझिएल यांनी १९१३ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले होते, पण ते विस्मरणात गेले होते.

ती ओळख मिळाली १९३२ मध्ये. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची जाड झालेली भिंत, व्रण, अरुंद होत जाणारा मार्ग आणि शेजारच्या अवयवांत फुटणारी भगेंद्रे, असे ते चित्र होते. या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. ए. ए. बर्ग यांनी लेखावर आपले नाव घालू दिले नाही, आणि उरलेल्या तिघांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली. तिघांपैकी क्रोन यांचेच नाव आजाराला चिकटले त्यात या वर्णानुक्रमाचाही वाटा आहे. क्रोन यांना स्वतःला ‘रीजनल इलायटिस’ हेच नाव पसंत होते. पुढे हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो हे स्पष्ट झाले आणि ते नाव अपुरे पडले.

चार पाकिटे सिगारेट आणि एक निर्णय

नंतरचा इतिहास सर्वज्ञात आहे. १९३५ ते १९३९ या काळात फिलिपिन्समध्ये जनरल मॅकआर्थर यांच्या हाताखाली नोकरी, मग दुसरे महायुद्ध, ६ जून १९४४ चे नॉर्मंडी आक्रमण, विजय. या साऱ्या काळात ते रोज तीन-चार पाकिटे सिगारेट ओढत. युद्धानंतर १९४८ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. योगायोग असा, की बरिल क्रोन यांचे वैद्यकीय शिक्षण याच विद्यापीठातले.

मार्च १९४९ मध्ये पोटाचा मोठा झटका आला. काही दिवस ते अंथरुणाला खिळले, नंतर विश्रांतीसाठी त्यांना फ्लोरिडातील की वेस्टला हलवण्यात आले. डॉक्टरांनी सिगारेट कमी करण्यास सांगितले. त्यांनी ती एकदम आणि कायमची सोडली. त्यांना तेव्हा माहीत असण्याचे कारण नव्हते, पण क्रोन्समध्ये धूम्रपान हा आजार बिघडवणारा सर्वांत ठळक, आणि रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेला घटक आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आजार अधिक वेळा उफाळतो आणि शस्त्रक्रियेनंतर परततोही अधिक. क्रोन्सच्या औषधांची यादी आज भली मोठी आहे, तरी डॉक्टरांचा पहिला प्रश्न सिगारेटचाच असतो.

पहिली चूक : पोटाचे समजले, निघाले हृदयाचे

आयझेनहॉवर २० जानेवारी १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. सप्टेंबर १९५५ मध्ये ते डेन्व्हरला सुट्टीवर होते. २३ तारखेला त्यांनी दिवसभर गोल्फ खेळले, दुपारी कच्च्या कांद्याच्या चकत्या घातलेला हॅम्बर्गर खाल्ला. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. त्यांचे खासगी डॉक्टर हॉवर्ड स्नायडर धावत आले. पत्रकारांना सकाळी सांगण्यात आले ते पचन बिघडल्याचे. दुपारी ईसीजी काढला तेव्हा तो हृदयविकाराचा झटका असल्याचे स्पष्ट झाले. सोमवारी शेअर बाजार उघडला तो सहा टक्क्यांहून अधिक कोसळला.

बिचारा कांदा विनाकारण बदनाम झाला. पण पचनाचे कारण तेव्हा कुणालाच खटकले नाही, याचे कारण रुग्णाचा इतिहास. ज्या माणसाचे पोट तीस वर्षे अधूनमधून दुखते, त्याचे प्रत्येक दुखणे पोटाच्या खात्यावर टाकले जाते. क्रोन्सच्या रुग्णांना हा अनुभव नवा नाही. निदान एकदा कपाळी लागले की नवे लक्षण जुन्या आजाराचेच मानले जाते.

दुसरी चूक : शांत होते, बरे नव्हते

सात आठवडे रुग्णालयात काढून आयझेनहॉवर परतले. फेब्रुवारी १९५६ अखेर त्यांनी दुसऱ्यांदा निवडणूक लढवण्याची घोषणा केली. मग मे महिन्यातला तो एक्स-रे. आणि ७ जूनची रात्र. छायाचित्रकार-पत्रकारांच्या संघटनेचे मेजवानीचे निमंत्रण होते, तिथून परतल्यावर पोटात कळा सुरू झाल्या. उलट्या झाल्या, पोट फुगले. दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णवाहिकेने वॉल्टर रीडला नेण्यात आले. आतडे अडले होते.

डॉक्टरांपुढे पेच होता. आतडे अडलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया फार लांबवता येत नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते सडते. पण नऊ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या ६५ वर्षांच्या राष्ट्राध्यक्षांना भूल देण्याची जबाबदारी घ्यायची कोणी? रात्रभर तज्ज्ञांची खलबते चालली. अखेर मेजर जनरल डॉ. लिओनार्ड हीटन यांनी ९ जूनच्या पहाटे २ वाजून ५९ मिनिटांनी शस्त्रक्रिया सुरू केली. ती जवळपास दोन तास चालली.

पोट उघडल्यावर लहान आतड्याचा शेवटचा साधारण एक फुटाहून थोडा अधिक लांबीचा भाग जाड, ताठर आणि आक्रसलेला आढळला. हे एका रात्रीत झालेले नव्हते. मे महिन्यात रुग्ण ठणठणीत भासत होता तेव्हाही हे तसेच होते.

शल्यचिकित्सकांनी तो तुकडा काढला नाही. त्याच्या वरच्या निरोगी आतड्याला थेट मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाशी जोडून दिले. रस्ता खचला की शेजारून वळणरस्ता काढतात तसे. हृदयाची स्थिती पाहता कमी वेळाची आणि कमी चिरफाडीची ही वाट त्यांना सुरक्षित वाटली. त्या काळात ही पद्धत रूढही होती. पुढे ती मागे पडली, कारण वगळलेल्या तुकड्यात आजार धुमसत राहतो आणि दीर्घकाळात तिथे कर्करोगाचा धोकाही असतो. आज शक्यतो आजारी तुकडा कापून काढला जातो. हीटन यांच्या निर्णयावर नंतर शल्यचिकित्सकांत बरीच चर्चा झाली. पण त्या पहाटे टेबलावर कोण होते आणि त्याचे हृदय कसे होते, हे लक्षात घेतले तर त्यांना दोष देणे अवघड आहे.

१९५६ मध्ये बरे झाल्याचे कसे ठरवले?

शस्त्रक्रियेनंतर पत्रकारांनी विचारलेला प्रश्न एकच होता. राष्ट्राध्यक्ष निवडणूक लढवू शकतील का? हीटन यांनी होकार दिला. पाच महिन्यांवर मतदान होते. प्रतिस्पर्धी ॲडले स्टीव्हन्सन यांनी प्रचाराच्या शेवटी थेट सूचित केले, की आयझेनहॉवर यांना मत म्हणजे उपाध्यक्ष निक्सन यांना सत्ता सोपवणे, कारण ते पूर्ण कार्यकाळ काढतील याची शाश्वती नाही. म्हणजे एका माणसाच्या आतड्याचा तुकडा कितपत शांत आहे, हा जागतिक राजकारणाचा प्रश्न झाला होता.

आणि तो मोजायला साधने कोणती होती? वजनकाटा, जेवणाची नोंद, शौचाची संख्या, रक्तातले हिमोग्लोबिन, पोटाला हात लावून जाणवणारी गाठ आणि गरज पडली तर पुन्हा बेरियम. रुग्ण किती चालतो, गोल्फ खेळतो का, हेही पाहिले जाई. आयझेनहॉवर जूनअखेर गेटिसबर्गच्या आपल्या शेतावर विश्रांतीला गेले, वजन घटले होते ते हळूहळू सावरले. नोव्हेंबरमध्ये, सुएझ आणि हंगेरीचे पेचप्रसंग ऐन भरात असताना, त्यांनी ४५७ विरुद्ध ७३ अशा प्रतिनिधी मतांनी निवडणूक जिंकली. मतदारांनी त्यांना तंदुरुस्त ठरवले. आतड्याचे अस्तर कसे होते हे पाहायला मात्र कुणी आत डोकावले नव्हते. लांब, लवचीक दुर्बिणीने मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत आणि तिथून लहान आतड्यात पोहोचण्याचे तंत्र यायला अजून दशकभराहून अधिक काळ होता.

आजाराची तीव्रता आकड्यात कशी आली?

आकड्याची गरज भासली ती औषधांमुळे. नवे औषध उपयोगी आहे हे सिद्ध करायचे तर सर्व रुग्णालयांनी एकाच फूटपट्टीने मोजायला हवे. अमेरिकेत क्रोन्सच्या औषधांचा मोठा राष्ट्रीय अभ्यास हाती घेतला गेला, त्यासाठी विल्यम बेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘क्रोन्स डिसीज ॲक्टिव्हिटी इंडेक्स’ म्हणजे सीडीएआय तयार केला. यात आठ गोष्टी मोजतात. सात दिवसांत पातळ शौच किती वेळा झाले, पोट किती दुखले, एकूण कसे वाटले, सांधे-डोळे-त्वचा यांचे त्रास किंवा भगेंद्रे आहेत का, जुलाब थांबवायची गोळी घ्यावी लागली का, पोटात गाठ लागते का, रक्तातील लाल पेशींचे प्रमाण आणि वजन. प्रत्येकाला ठरावीक भार देऊन बेरीज करायची. १५० पेक्षा कमी आले तर आजार शांत, ४५० च्या वर गेले तर अतितीव्र. रोजच्या बाह्यरुग्ण विभागात एवढा हिशेब कोण करणार? म्हणून १९८० मध्ये हार्वे आणि ब्रॅडशॉ यांनी एका दिवसाच्या माहितीवर चालणारी सोपी आवृत्ती काढली. ती अजून वापरात आहे.

सीडीएआयने संशोधनाला शिस्त लावली, हे मान्य करायला हवे. पण आठपैकी सर्वाधिक वजनदार गोष्टी रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून आहेत. दुखणे सहन करून कामाला लागण्याची सवय असलेला जनरल स्वतःला कमी गुण देईल, घाबरलेला रुग्ण जास्त. शिवाय लहान आतड्याचा शेवटचा भाग वगळला गेला किंवा कापला गेला तर पित्तक्षार नीट शोषले जात नाहीत आणि दाह नसतानाही जुलाब होतात. म्हणजे फूटपट्टी दोन्ही बाजूंनी फसते.

डोळ्यांनी पाहिले तेव्हा काय दिसले?

कोलोनोस्कोपी रुळल्यावर फ्रान्समधील एका गटाने हा फरक मोजून दाखवला. रॉबेर मोदिलियानी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४२ रुग्णांना स्टिरॉइड देऊन नंतर दुर्बिणीने तपासले. सात आठवड्यांत ९२ टक्के रुग्णांची लक्षणे शमली. पण लक्षणे शमलेल्यांपैकी जेमतेम २९ टक्के रुग्णांचे आतडे दुर्बिणीतही शांत दिसले. बाकीचे आनंदात घरी जाणार होते, आत व्रण घेऊन.

त्याच वर्षी बेल्जियममधील पॉल रुटगीर्ट्स यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. आजारी तुकडा काढून जोडलेल्या आतड्याची वर्षभरात तपासणी केली, तर ७३ टक्के रुग्णांमध्ये जोडाच्या वरच्या बाजूला आजार परतलेला दिसला. त्रास जाणवत होता तो फक्त २० टक्क्यांना. दुर्बिणीत जितके व्रण अधिक, तितका पुढच्या काही वर्षांत त्रास लवकर. आज शस्त्रक्रियेनंतर सहा महिने ते वर्षभरात कोलोनोस्कोपी करण्याचा आग्रह धरला जातो तो यामुळे. रुग्ण म्हणतो मला काही होत नाही, मग नळी कशाला? उत्तर या दोन आकड्यांत आहे.

त्रास नसताना व्रणांची एवढी चिंता कशासाठी? क्रोन्सचा दाह केवळ अस्तरापुरता नसतो, तो आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. प्रत्येक उफाळा थोडा डाग, थोडी ताठरता मागे ठेवतो. दाह औषधाने उतरतो, पण डागाळून अरुंद झालेला मार्ग औषधाने रुंद होत नाही. आयझेनहॉवर यांच्या पोटात १९५६ मध्ये आढळला तो असाच वर्षानुवर्षे साठलेला हिशेब होता.

आज मोजमाप कसे होते?

दुर्बिणीतून दिसणाऱ्या चित्रालाही गुण देतात. २००४ पासून वापरात असलेल्या एसईएस-सीडी या पद्धतीत आतड्याचे पाच भाग करून प्रत्येकात व्रणांचा आकार, व्रणांनी व्यापलेली जागा, दाह झालेली जागा आणि मार्ग अरुंद आहे का, हे पाहून शून्य ते ५६ गुण दिले जातात. दोन किंवा त्याहून कमी म्हणजे अस्तर भरून आले असे मानतात.

पण दर तीन महिन्यांनी कोलोनोस्कोपी कुणालाच परवडणारी नाही, ना खिशाला ना शरीराला. तिथे शौचाचा छोटा नमुना कामी येतो. कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल पेशींत भरलेले असते. दाह झाला की या पेशी आतड्यात उतरतात आणि प्रथिन शौचातून बाहेर पडते. एका ग्रॅममागे १०० ते २५० मायक्रोग्रॅमच्या खाली आणणे हे उपचाराचे उद्दिष्ट असते. रक्तातील सीआरपी ही जोडीची तपासणी, मात्र काही रुग्णांत दाह असूनही सीआरपी वाढतच नाही. कॅल्प्रोटेक्टिनलाही मर्यादा आहेत. साधा जंतुसंसर्ग किंवा वेदनाशामक गोळ्यांनी ते वाढते, आणि आजार फक्त लहान आतड्यात असेल तर ते कमी दाखवू शकते.

भिंतीची जाडी पाहायला सोनोग्राफी वापरता येते. आतड्याची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल आणि तिच्यात रक्तप्रवाह वाढलेला दिसला तर दाह आहे असे समजतात. रुग्णाला वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही, फक्त तपासणारा हात सरावलेला हवा. एमआरआयमध्ये भरपूर द्रव पाजून आतडे फुगवतात आणि भिंतीचा संपूर्ण छेद पाहतात. गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूलही आहे, पण आयझेनहॉवर यांच्यासारखे आतडे अरुंद असेल तर ती तिथेच अडकून बसण्याची भीती असते.

हे सारे मोजून उपयोग होतो का? २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ देशांतील २४४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात औषध वाढवायचे ते मुख्यत्वे लक्षणांवरून. दुसऱ्यात लक्षणे नसली तरी कॅल्प्रोटेक्टिन किंवा सीआरपी वाढलेले असेल तर औषध वाढवायचे. ४८ आठवड्यांनी पहिल्या गटातील ३० टक्के रुग्णांचे अस्तर भरून आले होते, दुसऱ्यातील ४६ टक्के. हाही आकडा निम्म्याखालीच आहे, हे विसरता कामा नये. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२१ च्या शिफारशींत म्हणूनच टप्पे आखले आहेत. आधी लक्षणांत आराम, मग रक्त आणि शौचाच्या चाचण्या सामान्य, आणि दीर्घ पल्ल्यात अस्तर भरून येणे व रोजचे जगणे पूर्ववत होणे. भिंतीची पूर्ण जाडी बरी व्हावी ही अपेक्षा आहे, पण तिला अजून औपचारिक उद्दिष्टाचा दर्जा दिलेला नाही.

भारतात पेच वेगळा का?

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षयरोग नेमका त्याच जागी, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, ठाण मांडतो आणि दुर्बिणीतही बराचसा क्रोन्ससारखा दिसतो. क्रोन्स समजून स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शने दिली आणि निघाला क्षय, तर तो पसरू शकतो. म्हणून शंका राहिल्यास आधी क्षयाची औषधे देऊन दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले तर क्षय, तसेच राहिले तर संशय क्रोन्सकडे. इथेही नुसते बरे वाटून चालत नाही, कारण क्षयाच्या औषधांवर क्रोन्सच्या काही रुग्णांनाही तात्पुरता आराम पडतो. आपल्याकडे आतडे भरून आले का हे पाहणे हाच निदानाचा भाग आहे. महिनोन् महिने चुकीची औषधे घेत राहिल्याने त्या काळात आतडे अरुंद होत गेलेले रुग्ण पोटविकारतज्ज्ञांना अनोळखी नाहीत.

तिसरी चूक, आणि शेवट

वळणरस्ता लावलेले आतडे घेऊन आयझेनहॉवर यांनी दुसरा कार्यकाळ पूर्ण केला. नोव्हेंबर १९५७ मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन बोलणे काही काळ अडखळले, पण पोटाने साथ दिली. डिसेंबर १९५९ मध्ये तीन आठवड्यांत ११ देशांचा दौरा त्यांनी केला. त्यात भारतही होता. भारतात आलेले ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. दिल्लीत त्यांनी जागतिक कृषी प्रदर्शनाचे उद्घाटन केले, रस्त्यांवर अफाट गर्दी लोटली. त्या गर्दीला समोरचा हसतमुख पाहुणा पोटात काय घेऊन फिरतो आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

जानेवारी १९६१ मध्ये ते निवृत्त होऊन गेटिसबर्गला गेले. डिसेंबर १९६६ मध्ये पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच परत शोषले जातात, तो भाग आजारी किंवा वगळलेला असेल तर खडे होण्याची शक्यता वाढते. अर्थात वयाच्या सत्तरीनंतर ते कुणालाही होऊ शकतात.

१९६८ मध्ये हृदयविकाराचे झटके पाठोपाठ आले आणि ते वॉल्टर रीडमध्येच राहू लागले. फेब्रुवारी १९६९ मध्ये आतडे पुन्हा अडले. पुन्हा कळा, पुन्हा तोच प्रदेश. पहिला संशय स्वाभाविकच जुन्या आजारावर जावा अशी स्थिती. पण थकलेल्या हृदयाची जोखीम पत्करून २३ फेब्रुवारीला पोट उघडले तेव्हा आतडे अडवून बसले होते ते १९५६ च्या शस्त्रक्रियेनंतर तयार झालेले चिकट पट्टे. बाहेरून लक्षण तेच, आतले कारण वेगळे. १९५५ मध्ये त्रास झाला तो पोटाचा नव्हता, १९५६ च्या मेमध्ये त्रास नव्हता पण आजार होता, आणि आता त्रास होता तो आजाराच्या जखमेचा नव्हे, उपचाराच्या व्रणाचा.

आतडे मोकळे झाले. या शस्त्रक्रियेतून ते निभावले, पण हृदयाने आणखी साथ दिली नाही. २८ मार्च १९६९ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्यांच्या नावाने तो आजार ओळखला जातो ते बरिल क्रोन त्यानंतरही १४ वर्षे जगले. १९८३ मध्ये ९९ व्या वर्षी ते गेले तोवर सीडीएआयचा तक्ता जगभरच्या रुग्णालयांत पोहोचला होता, आणि लांब दुर्बिणीही.